पाठमोरा बंकट

शिडीला पाय लावण्याआधी बंकट रोज एकदा ओरडायचा, "वर येतूय हो." शेजारच्या अंगणात कुणी बाई न्हात असली, कुणाचा पदर ढळलेला असला, तर तिनं आत व्हावं म्हणून. तरुणपणी तो बीडला एका जहागीरदाराच्या कबूतरखान्यावर राहिला होता. तिथून गेवराईला येताना त्यानं ही सवय आणि कबुतरांच्या दोन जोड्या आणल्या. जोड्यांचा थवा झाला, सवय तशीच राहिली. शेजारच्या रामकिसनला ती हाक आता ऐकूही येत नसे, जसे कचेरीवरचे टोल ऐकू येत नाहीत. पण आज हाक झाली, शिडी करकरली आणि वरून आणखी एक वाक्य खाली पडलं.

"रामकिसनदादा, मुबारक हो."

रामकिसन रांजणापाशी हात धूत बसला होता. काल दुपारपासून त्यानं हात राखेनं धुतले होते, मातीनं धुतले होते, लिंबाचा पाला चोळून धुतले होते. हाताला काही नव्हतं. तरी पाणी दिसलं की हात आपोआप तिकडं जात होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि त्याच्याकडं नुसते राहायला आले होते. त्यानं मान वर केली. बंकट आपल्या माळवदाच्या कठड्याशी उभा होता, पण तोंड पलीकडं करून. पाठ दिसत होती, खांद्यावरची घोंगडी दिसत होती, मानेवरच्या सुरकुत्या दिसत होत्या. माणूस पाठीनंच बोलत होता.

"माझा पांढरा काल दुपारी तुमच्याकडं उतरला. मी मागावर बसलोतो, खालून दिसला. उतरला तो काय उठला न्हाई. मंग म्हणलं, धरला दादांनी. धरला ना?"

"हो," रामकिसन म्हणाला.

"मंग तुमचा झाला. ज्याच्या माळवदावर पाखरू उतरलं त्याचं ते. आमच्यात असंच हाय. मी मागायला न्हाई आलो, भिऊ नका. आन मी बघनार बी न्हाई. जुन्या धन्यानं नव्या धन्याच्या घरात बघू न्हाई. नजरंला नजर मिळाली की त्याला जुनं घर आठवतं, ते उठून परत येतं. ती मंग माझी चोरी झाली." त्यानं पाठीमागं हात करून एक पुरचुंडी अंगणात टाकली. "बाजरी हाय. आन लोकरीचा दोरा हाय. पंखाचे पर कापू नका, बांधा. सैल बांधा. तुमच्या घरचा दाणा अंगी लागला की सोडा." मग पाठ जराशी हलली, तो हसत असावा. "लई बरं वाटलं बघा. ह्या गल्लीत ह्या येडेपणाचा मी एकटाच हुतो."

पुरचुंडी रांजणाच्या बुडाशी पडली होती. फडक्याच्या गाठीतून बाजरीचे दाणे सांडले होते आणि त्यांच्याकडं बघताना रामकिसनला कळलं की आता आपण ह्या माणसाला काहीही सांगू शकणार नाही. आपल्याला कुणी पकडणारही नाही. बंकट बघणार नाही, कारण बंकटची तशी रीत आहे. चोराला लपायला चांगली जागा हवी असते, आणि ही जागा तर त्याला घरमालकानंच झाडून दिली होती. चांगुलपणाचा राग येतो तो असा. समोरचा माणूस हरामखोर निघाला असता तर छातीवरून धोंडा उतरला असता. हा बाजरी टाकतो.

हरामखोर निघावा म्हणून रामकिसननं काय कमी केलं होतं. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला विठोबाच्या देवळात वीणा त्याच्या हातात. त्याच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात यायचा नाही. आणि शेजारी हा धनगर, घोंगड्या विणणारा, दिवसभर लोकरीचा वास, वरून कबुतरांची घाण. वाळवणावर विष्ठा, पिण्याच्या पाण्यात पीस. घरावर पारवा घुमला की घर वसाड पडतं असं आई सांगायची, आणि आई मेली तेव्हा रामकिसननं मनात पहिला हिशेब बंकटच्या कबुतरांशीच लावला होता. तो पोलिसठाण्यावर अमीनसाहेबांकडं फिर्याद घेऊन गेला. अमीनसाहेबांनी चिलीम खाली ठेवून विचारलं की त्यात लोटण घेणारी, हवेत कोलांट्या मारणारी आहेत का, असली तर एक जोडी आम्हाला पाहिजे. शिपाई हसले. त्या हसण्यानंतर रामकिसन थंड बसला नाही. देवळात, ओट्यावर, न्हाव्याकडं, जिथं चार माणसं असतील तिथं त्यानं एकच गोष्ट पेरली: बंकट कबुतरं पाळतो ती खायला पाळतो, आणि शौकीन लोकांना मुंड्या मोडून विकतो. हे खोटं आहे हे त्याला माहीत नव्हतं. खरं आहे हेही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरज वाटली नव्हती. एकदा एकादशीला बंकट फराळाची पाटी घेऊन देवळाच्या पायरीशी आला, शेंगदाण्याचे लाडू होते, आणि रामकिसननं वीणा छातीशी धरून सगळ्यांच्या देखत म्हटलं, "जीव खाणाऱ्याच्या हातचं आम्ही घेत नाही." बंकट म्हणाला, "दादा, जत्रंला मटन खातो मी, खोटं कावून बोलू. पण हातानं दाणा टाकला त्याला न्हाई खात कुनी." मग पाटी तशीच डोक्यावर घेऊन गेला. लाडू त्यानं वाटेत पोरांना दिले असावेत. पोरं त्या दिवशी फार खुशीत होती.

त्यातच आबांचं झालं. आबा म्हणजे आश्रुबा, रामकिसनचा बाप. म्हातारा दुपारची भाकर माळवदावर बसून खायचा, अर्धी खायचा आणि अर्धी डाव्या हाताच्या बोटांत चुरत राहायचा. घशातल्या घशात "आ, आ" करायचा. बंकटचा पांढरा नर कठडा ओलांडून यायचा, छाती काढून चालत चालत म्हाताऱ्याच्या गुडघ्यापर्यंत यायचा, मागून त्याची करड्या पंखाची मादी. रामकिसनला हे बघवत नसे. आपल्याच बापानं आपल्या भांडणाला असा सुरुंग लावावा. त्या दिवशी बायकोनं, साखराबाईनं, कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्यांवर घाण पडली होती. रामकिसन शिडीवर उभा राहून बंकटला बोलत होता. आईवरून बोलला, जातीवरून बोलला, शेवटी त्याला मूलबाळ नाही त्यावरून बोलला. बंकट गप्प उभा होता आणि त्याच्या गप्प बसण्यानं रामकिसनच्या तोंडाला आणखी धार येत होती. खालून आबांचा आवाज आला, "रामा, पुरे कर, तो…" आणि तिथंच तुटला. खाली आला तर म्हातारा भिंतीला टेकून घसरला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवं अंग मेलेलं. डोळे जिवंत होते आणि रामकिसनकडं बघत होते. तो काय? तो चांगला माणूस आहे? तो आपला शेजारी आहे? तो माझ्यासाठी पाखरं सोडतो? रामकिसननं ते वाक्य किती प्रकारांनी पुरं करून बघितलं. बाप बोलायचा थांबला त्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं हे होतं की बापाचं ह्या जगातलं शेवटचं बोलणं म्हणजे आपल्याला दिलेली समज, तीही अर्धी. ते वाक्य पुरं झालं पाहिजे. मग त्यात शिवी का असेना.

बाजाराच्या दिवशी वेशीपाशी एक हकीम बसत. त्यांनी म्हाताऱ्याची जीभ बघितली, नख दाबून बघितलं आणि म्हणाले, "फालिज हाय, लकवा. सफेद कबूतर पाहिजे, नर. घरचा दाणा खाऊन वाढलेला, रानातला पारवा न्हाई चालत. गरम खून मधातून द्या, वरून त्याच्याच मटनाचा शेरवा. एकानं जबान हलंल. दुसऱ्यानं हात." रामकिसननं माळ सदऱ्याच्या आत सारली. "आमच्यात चालत नाही," तो म्हणाला. हकीम म्हणाले, "तुमच्यात फालिज चालतो?"

पांढरा, पाळीव नर गेवराईत दुसऱ्या कुणाकडं नव्हता असं नाही. असेलही. पण रामकिसननं शोधलं नाही, कारण शोधायचं म्हणजे विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे गावाला कळायचं की वीणेकऱ्याला कबूतर कशाला हवं. बंकटला मागणं तर सुचलंच नाही. म्हणजे सुचलं, आणि त्या कल्पनेनंच अंगावर काटा आला. त्यानं नाही म्हटलं तर? त्याहून वाईट, त्यानं दिलं तर? ज्याच्यावर आपण मुंड्या मोडण्याचा आळ घातला त्यानं स्वतःचं पाखरू आपल्या हातात ठेवून म्हणावं की घ्या, आबांसाठी. मग त्याच्याकडं मान वर करून कसं बघायचं. तेव्हा त्याला बंकटचीच रीत आठवली. अमीनसाहेबांच्या शिपायांना बंकट एकदा सांगत असताना ऐकली होती: उतरलं त्याचं. म्हणजे चोरी नाही. त्यांच्याच कायद्यानं आपलं. माणसाला पाप करायचं असलं की तो दुसऱ्याच्या धर्मातलीही सवलत काढतो.

काल दुपारी गल्ली झोपली होती. बंकटचा माग खटखट वाजत होता. रामकिसन माळवदावर आबांच्या जागी बसला, आबांसारखी मांडी घातली आणि भाकर चुरू लागला. "आ, आ," त्यानं केलं. स्वतःचा आवाज त्याला बापासारखा वाटला आणि तो थांबला, पण पांढरा तोवर उतरला होता. फसवायला काही करावंच लागलं नाही. जाळं नको, फडकं नको. तो चालत आला. गुडघ्याशी आला. रामकिसननं दोन्ही हात खाली नेले आणि पाखरू हातांत बसलं, फडफडलंसुद्धा नाही. हातांना कळलं ते एवढंच की ते फार गरम आहे, आणि त्याच्या आत काहीतरी धावतंय. खाली आणून त्यानं साखराबाईला हाक मारली. तिनं तवा उलटा ठेवला, वाटी दिली आणि भिंतीकडं तोंड केलं. "मी न्हाई बघत. तुमी करा," ती म्हणाली. त्याला करता येत नव्हतं. आयुष्यात कोंबडीसुद्धा धरली नव्हती. ज्याला येतं तो एका झटक्यात करतो. त्याला वेळ लागला. तो वेळ त्याच्या हातांत अजून होता. पाणी त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

पिसं त्यानं उकिरड्यात पुरली. आबांना मध म्हणून चाटवलं. म्हाताऱ्यानं गिळलं. ओठाच्या लुळ्या कोपऱ्यातून एक ओघळ आला, तो साखराबाईनं पदरानं पुसला, आणि मग तो पदर बघत बसली.

"काय म्हणत हुता बंकट?" साखराबाईनं आता चुलीपुढून विचारलं.

"मुबारक हो म्हणत होता."

"काय?"

"पाखरू लखलाभ म्हणतोय. दाणा दिलाय."

साखराबाईनं फुंकणी खाली ठेवली. ती काही म्हणाली असती तर रामकिसन तिच्यावर ओरडला असता आणि त्याला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस त्यानं माळवदावर जायचं टाळलं, पण कान तिथंच होता. करडी मादी येत होती. पहिल्या दिवशी कठड्यावर बसली, मग कठड्यावरून आत आली, मग माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकाशी, सान्याशी, येऊन बसायला लागली. वरून तिचा घुमण्याचा आवाज घरात पडायचा. भाकर खाताना पडायचा, पूजेला बसला की पडायचा. सान्यातून येणारा उजेडाचा गोल जमिनीवर सरकत असे आणि त्यात मधूनच तिच्या डोक्याची सावली. रामकिसन त्या गोलात पाय ठेवत नसे. बंकट कठड्याशी येई, पाठ करून उभा राही आणि चौकशी करी. चौकशीच फार होती. दाणा खातो का? पाणी खोलगट भांड्यात देता का, त्याला चोच बुडवून प्यायला लागतं. पर सैल बांधलेत ना? रामकिसन हो म्हणे. उपाशी तर नाही ना, विचारलं की नाही म्हणे. एकदा बंकट म्हणाला, "घुमतो का?" आणि रामकिसनच्या तोंडून गेलं, "अजून नाही." बंकट हळहळला. "घुमंल. लाजतंय. परक्या घरात नव्या नवरीवानी हाय ते." आणि स्वतःच्याच बोलण्याला हसला. ह्याला मूलबाळ नाही म्हणून आपण ह्याला काय काय बोललो होतो. आणि हा पाखरू सासरी पाठवल्यासारखा बोलतोय.

देवळात एकादशी आली. रामकिसननं वीणा घेतली नाही, अंग दुखतंय म्हणाला. उत्तरेश्वर गुरव म्हणाला, "बरोबर हाय, आबांची सेवा हीच तुमची एकादशी." चार माणसांनी माना हलवल्या. रामकिसनला वाटलं इथंच, पायरीवर, सांगून टाकावं. सांगितलं असतं तर लोक काय म्हणाले असते हे त्याला ठाऊक होतं. बापासाठी केलं म्हणाले असते. देव बघत असतो म्हणाले असते. प्रायश्चित्ताचा दर ठरवून मोकळे झाले असते. हे गाव त्याला माफच करणार होतं, आणि ज्याला बोलायचा हक्क होता त्यानं पाठ फिरवली होती.

मग एका सकाळी बंकटनं "वर येतूय हो" म्हटलं आणि लगेच पुढं, "दादा, जरा वर या. कठड्याशी." रामकिसन गेला. बंकट पाठमोराच होता. त्याचे हात मागं होते, कमरेवर, आणि हातांत करडी मादी होती.

"ही खाईना झालीया. दिवसभर तुमच्याच सान्यावर बसती. रातच्याला आणतो तर डोळा लावीत न्हाई. जोडी फोडू न्हाई म्हणतात, मला आधीच कळायला पायजे हुतं. घ्या हिला. पायानं आलीच हाय ती तुमच्याकडं, मी आपला हातानं देतो."

"बंकट, नको."

"नको कावून? नर तिथं मादी. आन आबांला बी करमंल. आबांच्या हातचं लई खाल्लंय तिनं." तो मागच्या मागं एक पाऊल सरकला. हात आणखी लांब केले. "धरा. माझ्या पाठीकडून धरा, म्हंजे तिला माझं तोंड दिसायचं न्हाई."

रामकिसननं धरली. तीच ऊब, आत तीच धाव. बंकटचे हात रिकामे झाले आणि तसेच मागं राहिले, थोडे उघडे, जसे काही अजून धरून आहेत.

खालून साखराबाईची हाक आली. एवढ्या मोठ्यानं तिनं पहिल्यांदाच हाक मारली होती. "आवं, खाली या. मामंजी बोलायलेत."

सान्यातून त्यानं खाली बघितलं. उजेडाच्या गोलात आबांचं अंथरूण होतं. साखराबाई उशाशी बसली होती, दोन्ही हात तोंडावर. म्हाताऱ्याचा घसा हलत होता. आवाज येत होता, फाटका, ओला, पण आवाज. "आ," आबा म्हणत होते. "आ… आ…" आणि डावा हात गोधडीवर ठेवून बोटं एकमेकांवर घासत होते. बोटांत काही नव्हतं. ते चुरत होते.

"गुण आला," साखराबाई वर बघून म्हणाली. ती रडत होती. मग तिला नवऱ्याच्या हातातली मादी दिसली आणि तिचा आवाज खाली आला, इतका की तो फक्त सान्यातूनच वर यावा. "दुसरं बी आलं का? हकीम म्हणलेते. दुसऱ्यानं हात."

"आबा बोलवतात बघा त्याला," बंकट म्हणाला. त्याला साखराबाईचं ऐकू गेलं नव्हतं, आबांचं गेलं होतं. "पांढऱ्याला बोलवायलेत. म्हणतात ना, पाखराची आस मानसाला उठवती. सोडा की त्याला आबांच्या पुढ्यात. आतल्या आत सोडा, पर बांधलेलेच हायत."

रामकिसननं हात उघडले. मादी उडाली. उडाली तशी त्याला वाटलं, आता हिनं जावं, बंकटच्या घरावर जावं, नदीवर जावं, कुठंही जावं. तिनं दोन्ही माळवदांवरून एक गिरकी घेतली, बंकटच्या डोक्यावरून गेली, वळली आणि सान्याच्या काठावर येऊन बसली. मान वाकडी करून ती आत, खाली, त्या आवाजाकडं बघू लागली.

"बंकट," रामकिसन म्हणाला, "इकडं बघ."

"न्हाई दादा."

"बघ म्हणतो ना. माझ्याकडं बघ. माझ्या घरात बघ. खाली ये, घर उचकून बघ."

बंकटनं मान हलवली, पण वळवली नाही. "तुमी नवीन हाय म्हणून म्हणता. मी बघितलं की झालं, गेलं पाखरू. तुमच्या घरात आता कुठं रुळायलंय."

"तो नाहीये, बंकट."

"बांधलेलं पाखरू कुठं जातंय," बंकट म्हणाला. तो शिडीकडं निघाला, आडवा आडवा, पाठ रामकिसनकडंच ठेवून, मोठ्या काळजीनं. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्यानं सवयीनं हाक दिली, "उतरतूय हो." खाली आबा अजून चुरत होते.